फायनान्शियल ॲडव्हायजर व्हायचंय? आधी तीन वर्षांच्या घरखर्चाची सोय करा

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात, बहुतेक कुणाचा तरी भाचा, पुतण्या नाहीतर मित्राचा मुलगा, बीकॉम झालेला किंवा बँकेत चार वर्षं घासून कंटाळलेला, आणि प्रश्न एकच, "सर तुमच्या लाईनमध्ये यायचंय, साधारण किती सुटतात?" मी सांगलीत २०१९ पासून हेच काम करतो, त्याआधी एका खाजगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर होतो. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं म्हणून हे लिहितोय, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी नावाचा घोळ मिटवू. आपण सरसकट सगळ्यांना "फायनान्शियल ॲडव्हायजर" म्हणतो पण कायद्याच्या नजरेत तसं नाहीये. म्युच्युअल फंड विकून कमिशन घेतो तो डिस्ट्रिब्युटर, एमएफडी. विमा विकतो तो विमा एजंट. आणि क्लायंटकडून फी घेऊन सल्ला देतो, कमिशनला हात लावत नाही, तो सेबीकडे (शेअर बाजार आणि फंडांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी केलेला इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर, आरआयए. डिस्ट्रिब्युटरने स्वतःला वेल्थ ॲडव्हायझर किंवा इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर म्हणवून घेणं सेबीने २०२० साली बंद केलंय. तेव्हा व्हिजिटिंग कार्ड छापायची घाई करू नका, माझी पहिली पाचशे कार्डं अशीच रद्दीत गेली, त्याच्या मागे आता बायको किराणा मालाची यादी लिहिते.

मी स्वतः एमएफडी आहे त्यामुळे त्या वाटेबद्दल जास्त लिहिणार, बाकीच्या दोन वाटांबद्दल जेवढं माहितीय तेवढं.

परीक्षा आणि एआरएन

हा भाग सगळ्यांना अवघड वाटतो आणि खरं तर हाच सगळ्यात सोपा आहे. एनआयएसएम म्हणून सेबीने २००६ साली काढलेली संस्था आहे, आपल्या रायगड जिल्ह्यातच, पाताळगंगेला कॅम्पस आहे. त्यांची "सिरीज पाच-ए" ही परीक्षा द्यायची. १०० प्रश्न, २ तास, ५० मार्काला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. फी १,५०० रुपये अधिक टॅक्स. शिक्षणाची अट नाही. वर्कबुक त्यांच्याच साईटवर रजिस्टर केलं की फुकट मिळतं, तेच दोनदा नीट वाचा, क्लास लावायची काही गरज नाही, कुणी "गॅरंटी पास" म्हणून पाच-सात हजार मागत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार. रोज तासभर दिला तर तीन आठवडे पुरतात. फक्त पाठांतर करू नका, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) कसा निघतो, एक्झिट लोड (लवकर पैसे काढले की कापला जाणारा चार्ज), कॅपिटल गेन टॅक्स, रिस्क-ओ-मीटर (फंडात जोखीम किती ते दाखवणारा काटा) हे समजून घ्या कारण परीक्षेत नाही आलं तरी क्लायंट विचारणारच आहे.

पास झालात की ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे एआरएन, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या नोंदणी नंबरसाठी अर्ज. तीन वर्षांची फी ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. केवायडी नावाची ओळख-पडताळणी होते, पॅन, आधार, बँक डिटेल्स लागतात. एआरएनबरोबर ईयूआयएन म्हणून आणखी एक नंबर मिळतो, तो प्रत्येक अर्जावर लागतो, नवीन पोरं हमखास विसरतात आणि मग ट्रान्झॅक्शन कुणी केलं त्याची नोंद राहत नाही.

त्यानंतर एम्पॅनेलमेंट. म्हणजे प्रत्येक फंड हाउसशी, म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपनीशी, आपला करार. आता हे बरंचसं ऑनलाईन उरकतं. इथे दोन रस्ते आहेत, एक म्हणजे थेट सगळ्या फंड हाउसशी जोडून घ्यायचं आणि व्यवहार बीएसई स्टार, एनएसईचा प्लॅटफॉर्म नाहीतर एमएफ युटिलिटी अशा ऑनलाईन व्यवस्थांवरून करायचे. दुसरा म्हणजे एखाद्या मोठ्या डिस्ट्रिब्युटरच्या छताखाली काम करायचं, ते सॉफ्टवेअर, ट्रेनिंग, रिपोर्ट सगळं देतात आणि कमिशनमधला हिस्सा कापून घेतात. नवख्याला दुसरा रस्ता मोहात पाडतो कारण सगळं तयार मिळतं, वाईट आहे असं नाही, पण सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारा, उद्या मी बाहेर पडलो तर क्लायंट आणि त्यांचा ट्रेल (दर महिन्याचं कमिशन, पुढे सांगतो) कुणाचा? उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर नेहमी गोडच असतं.

घरात कुणी पोस्टाच्या आरडीचं एजंटपण करत असेल, आपल्याकडे महिला प्रधान योजनेत कितीतरी बायका करतात, तर त्यांनी या लाईनचा विचार जरूर करावा. त्यांना आरडीवर ४ टक्के मिळतात, दर महिन्याला घरोघरी जाऊन पैसे आणायची सवय असते, आणि मुख्य म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराची खडानखडा माहिती आणि विश्वास दोन्ही असतं. आमच्याकडे विश्रामबागला एक मावशी आहेत, वयाच्या ५१ व्या वर्षी परीक्षा दिली, ६८ मार्क पडले, आज माझ्यापेक्षा त्यांच्या एसआयपी (फंडात दर महिन्याला जाणारा ठरावीक हप्ता) कमी बंद पडतात. (घरातल्या बाईच्या नावावर एआरएन आणि धंदा नवऱ्याचा, हा प्रकार मात्र करू नका, फार बघितलाय.)

आता मुद्द्याचं, किती सुटतात

पूर्वी अपफ्रंट कमिशन असायचं, म्हणजे पैसे आणले की एकरकमी हातात. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने ते बंद करून सगळं ट्रेलवर नेलं. मी नोकरी सोडली जानेवारी २०१९ ला. माझं टायमिंग हे असं.

ट्रेल म्हणजे काय, तर क्लायंटचे जेवढे पैसे तुमच्या कोडखाली, म्हणजे तुमच्या एआरएनवर, गुंतलेले आहेत त्याच्या वर्षाला काही टक्के, ते रोजच्या किमतीवर मोजून दर महिन्याला तुमच्या खात्यात येतात. पैसे आहेत तोपर्यंत मिळत राहतं, काढले की बंद. इक्विटी, म्हणजे शेअर्सच्या फंडात हा दर फंडाप्रमाणे बदलतो, हिशोबाला ०.८ टक्के धरा. फंड जितका मोठा तितका त्याचा खर्चाचा वाटा कमी आणि तुमचा ट्रेलही कमी. लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या कमी जोखमीच्या फंडात, तर नावालाच असतो.

म्हणजे एक कोटी रुपये तुमच्या कोडखाली असतील तर वर्षाला ८० हजार, महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास. हो, एक कोटीवर. हे ऐकून निम्मे फोन इथेच थंडावतात.

एसआयपीचं गणित करून बघू. समजा १०० लोकांची प्रत्येकी ५ हजारांची एसआयपी तुम्ही लावली, म्हणजे महिन्याला ५ लाख. सगळे पहिल्याच दिवशी आले असं गृहीत धरलं (येत नाहीत) तरी वर्षभरात सरासरी तीस-बत्तीस लाखच कोडखाली असणार, कारण पैसे हळूहळू साचतात. त्यावर वर्षाचा ट्रेल पंचवीस हजार. महिन्याचा नाही, वर्षाचा! शंभर माणसं जमवून महिन्याला दोन हजार, पेट्रोलसुद्धा निघत नाही. पण त्याच शंभर एसआयपी पाच वर्षं न थांबता चालल्या आणि बाजाराने वर्षाला १२ टक्क्यांच्या हिशोबाने साथ दिली, जी द्यायलाच हवी असं काही नाही, तर ४ कोटींच्या वर जातात आणि महिन्याला २७ हजार येतात. दहा वर्षांनी साडेअकरा कोटी, महिन्याला ७७ हजार. क्लायंट तेच, एसआयपी तीच. अर्थात दहा वर्षं शंभरच्या शंभर टिकत नाहीत, कुणाच्या मुलीचं लग्न निघतं, कुणी फ्लॅट घेतो, कुणाला मेव्हणा सांगतो की प्लॉट घे.

माझे आकडे सांगतो, लाज कसली. पहिल्या महिन्याचं कमिशन ११ रुपये. पहिलं वर्ष संपलं तेव्हा कोडखाली ३८ लाख होते आणि वर्षभराचं कमिशन तेरा हजार काहीतरी. नोकरीत मी महिन्याला बेचाळीस घेत होतो. तिसऱ्या वर्षाअखेर २ कोटी ४० लाख, महिन्याला सोळा हजार. आज दीडशेच्या वर कुटुंबं आहेत, नऊ कोटींच्या आसपास, म्हणजे महिन्याला साठ हजार फंडांचे आणि आरोग्य विम्याचे रिन्युअल वेगळे. माझ्याबरोबर सुरू केलेल्या चौघांपैकी दोघं दुसऱ्या वर्षातच परत नोकरीला गेले आणि ते माझ्यापेक्षा हुशार होते, फक्त त्यांच्या घरात दुसरा पगार नव्हता. माझ्या बायकोची शाळेतली नोकरी होती म्हणून मी टिकलो, हे मी कुठल्याही सेमिनारमध्ये आधी सांगतो आणि आयोजकांना ते आवडत नाही.

तेव्हा ज्याला महिन्याला ५० हजार हवेत त्याला ०.८ टक्क्यांच्या हिशोबाने साडेसात कोटी उभे करायचे आहेत. मुंबई-पुण्यात मोठे पगारवाले क्लायंट मिळाले तर चार-पाच वर्षांत होतं, आमच्यासारख्या गावात सहा-आठ धरा. वरच्या टोकाला किती जाऊ शकतं ते बघायचं असेल तर ॲम्फी दरवर्षी मोठ्या डिस्ट्रिब्युटरांना मिळालेल्या कमिशनची यादी जाहीर करते, तिथे बघा, वरती सगळ्या बँका आणि मोठे प्लॅटफॉर्म दिसतील, पण खाली शोधलंत तर एकट्याच्या नावावर कोटीच्या वर कमिशन घेणारेही सापडतील. वीस-पंचवीस वर्षं एका गावात पाय रोवून बसलेली ही माणसं असतात.

पहिले शंभर क्लायंट

नातेवाईकांपासून सुरू करा असं सगळे सांगतात. करा, पण तीन-चारच, आणि तेही जे तुम्हाला चुकलास तर शिव्या घालून परत जेवायला बोलावतील असे. सासुरवाडीचे पैसे पहिल्या वर्षी घेऊ नयेत, का ते विचारू नका.

त्यानंतर एक गट धरायचा. माझा गट झेडपीचे शिक्षक. आता हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही पण आपल्याकडे एका पिढीतल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली, आणि म्हणून ३१ मेला एकदम रांगेने निवृत्त होतात. जून ते दिवाळी हा आमचा सीझन. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं), पीएफ असं मिळून आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम त्यांच्या खात्यात येते आणि त्याच आठवड्यात बँकेतून "सर, एक छान प्लॅन आलाय" म्हणून फोन येतो. मी त्याच खुर्चीवर बसून असले फोन केलेले आहेत, एका निवृत्त बाईंना दहा वर्षांचा विमा प्लॅन "एफडीसारखाच आहे" म्हणून द्यायला मला माझ्या मॅनेजरने सांगितलं होतं आणि मी दिला होता. नोकरी सोडायचं ते एक कारण.

तर अशा माणसाकडे गेलात की काय करायचं? पहिली गोष्ट, फंडाचं नावच काढायचं नाही. आधी सिनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीम, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ५८ ला निवृत्त झालेल्यालाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं काढता येतं, मग पोस्टाचं एमआयएस, महिन्याला व्याज देणारी योजना. यात आपल्याला एक पैसा मिळत नाही. मिळत नाही म्हणूनच त्यांचा विश्वास बसतो, आणि उरलेल्या पाच-सात लाखांसाठी ते स्वतःहून विचारतात, "आता ते तुमचं म्युच्युअलचं काय म्हणत होतात?" वर त्यांचा इंजिनिअर मुलगा पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत असतो, त्याची ओळख होते ती वेगळीच. (अमेरिका-कॅनडातल्या एनआरआयचे पैसे सगळी फंड हाउसेस घेत नाहीत, कोण घेतं आणि कुठली कागदपत्रं लागतात ते आधी विचारून मगच हो म्हणा.)

शेतकरी क्लायंट असेल तर दर महिन्याची एसआयपी गळ्यात मारू नका. उसाचं बिल, हळदीचे पैसे, द्राक्षाचा व्यापारी, यातलं काहीच पाच तारखेला येत नाही. एसआयपी बाऊन्स झाली की बँक दंड लावते आणि लागोपाठ तीन महिने हप्ता चुकला की एसआयपीच रद्द होते, मग तो माणूस चारचौघात सांगतो की म्युच्युअल फंडात माझे पैसे कापले. मी सुरुवातीला अशा चौदा एसआयपी घालवल्यात. आता मी बिल आलं की एकरकमी लिक्विड फंडात टाकायला लावतो आणि तिथून दर महिन्याला थोडे थोडे इक्विटीत सरकवतो, एसटीपी म्हणतात त्याला. तोच माणूस, त्याच पैशात, सुखी.

एक गट धरला की दुसऱ्या गटाच्या मागे दोन वर्षं लागू नका. डॉक्टर, सीए, बिल्डर यांच्याकडे नवखा माणूस जातो आणि सहा महिने रिसेप्शनला बसतो.

आणि फोन. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, जानेवारीत तो ४२ हजारांच्या वर जाऊन आला होता. माझ्याकडे तेव्हा ३४ क्लायंट. लॉकडाऊन, घरात बसून मी सगळ्या ३४ जणांना स्वतःहून फोन केले, समोरून यायची वाट बघितली नाही. काय बोलायचं तेही धड माहीत नव्हतं, फक्त एवढंच की "पडलंय, मलाही दिसतंय, तुमच्या घरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का?" नऊ जणांनी एसआयपी थांबवली. पंचवीस जणांनी चालू ठेवली आणि आज माझे जे दीडशे आहेत त्यातले निम्म्याहून जास्त त्या पंचवीस जणांनी पाठवलेले आहेत. माझा ट्रेलही तेव्हा बाजाराबरोबर धपकन पडला होता हे सांगायला नको, पगारदार माणसाला या धंद्यातली ही गोष्ट पचत नाही की काम दुप्पट आणि पैसे पाऊण.

परतावा मिळवून देतो असं कधीच म्हणायचं नाही. "पंधरा टक्के तर कुठे गेले नाहीत" हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं, नियमात बसत नाही आणि तोच माणूस तीन वर्षांनी ते वाक्य तारखेसकट परत ऐकवतो. कमिशनमधून क्लायंटला वाटा देणंही नियमात नाही, मागतात मात्र बिनधास्त.

खर्च आणि टॅक्स

ऑफिस घेऊ नका. पहिली तीन वर्षं घरातली बाहेरची खोली, एक लॅपटॉप, प्रिंटर, दुचाकी एवढं बास. सॉफ्टवेअरला वर्षाला काही हजार जातात. मोठा खर्च पेट्रोल आणि चहा.

टॅक्सच्या बाबतीत एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही, छोट्या धंद्यांना जी अनुमानित उत्पन्नाची (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरायची) सवलत आहे, जुन्या कायद्यात ४४एडी म्हणायचे ती, कमिशनच्या उत्पन्नाला लागू होत नाही. त्यामुळे पेट्रोल, फोन, इंटरनेट सगळ्यांच्या पावत्या ठेवा, नीट हिशोब लिहा, नाहीतर खर्च दाखवता येत नाही. वर्षाचं उत्पन्न २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नोंदणी. तो दिवस येईल तेव्हा येईल, पेढे पाठवा.

विम्याची वाट

पहिल्या तीन वर्षांची उपासमार टाळायची असेल तर विमा सोबत करावाच लागतो, खोटं कशाला बोलू. दहावी पास चालतं, थोड्या तासांचं ट्रेनिंग आणि आयसी-३८ ही परीक्षा, ५० प्रश्नांची. एकाच कंपनीचा एजंट न होता पीओएसपी (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन) म्हणून नोंदणी केली तर एकापेक्षा जास्त कंपन्यांचे साधे प्लॅन विकता येतात. मी फक्त टर्म (माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा) आणि आरोग्य विमा करतो. एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या प्लॅनला पहिल्या वर्षी कमिशन दणदणीत मिळतं आणि तिथेच गोम आहे, ज्याला घराचा हप्ता भरायचाय त्या नवख्या एजंटसमोर एका बाजूला वर्षाला पाचशे रुपये देणारी एसआयपी आणि दुसऱ्या बाजूला दहा-बारा हजार देणारी पॉलिसी असते. म्हणून म्हणतो, खर्चाची सोय आधी करा. पोट भरलेलं असलं की सल्ला बरा निघतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्यामुळे विकायला सोपं झालं पण त्याचा भार कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनवरही ढकलला, तेव्हा जुन्या एजंटाने सांगितलेले कमिशनचे आकडे आहेत तसे धरू नका. आणि क्लेमच्या वेळी दवाखान्यात उभं राहायची तयारी असेल तरच आरोग्य विमा विका. रात्री अकराला फोन येतो, कॅशलेस नाकारलं म्हणून. तो उचलला तर ते घर जन्मभर तुमचं.

फी घेणारा ॲडव्हायझर

ही वाट स्वच्छ आहे, फक्त गर्दी नाही, अख्ख्या देशात नोंदणी केलेले हजाराच्या आतबाहेर आहेत. २०१३ च्या सेबी नियमांखाली नोंदणी लागते, पदवी लागते, एनआयएसएमच्या दहा-ए आणि दहा-बी अशा दोन परीक्षा, तिथे ६० टक्क्यांना पास आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, त्या तीन आठवड्यांत होत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या बदलांनी दार बरंच उघडलं. अनुभवाची अट गेली, नेट वर्थची अट जाऊन डिपॉझिट आलं, १५० क्लायंटपर्यंत १ लाख रुपये. दुसरा नोकरी-धंदा सांभाळून पार्ट-टाईम आरआयए होता येतं, ७५ क्लायंटपर्यंत. एका कुटुंबाकडून ठरावीक फी घेत असाल तर वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार, किंवा मालमत्तेच्या अडीच टक्क्यांपर्यंत. एकटा माणूस एकाच वेळी कमिशनवाला डिस्ट्रिब्युटर आणि फीवाला ॲडव्हायझर होऊ शकत नाही, एक निवडावं लागतं.

कमाईचं गणित इथे सरळ आहे, ६० कुटुंबं गुणिले २० हजार म्हणजे १२ लाख, त्यातून करारपत्रं, नोंदी, वार्षिक ऑडिट यांचा खर्च वजा. पण आपल्या माणसाला वकिलाला, डॉक्टरला फी द्यायला चालते आणि "पैसे कुठे ठेवू" एवढं सांगायचे वीस हजार म्हटलं की तो हसतो. पुणे-मुंबईतल्या आयटीवाल्यांमध्ये चालतं, विशेषतः ज्यांना डायरेक्ट प्लॅनच (मध्ये डिस्ट्रिब्युटर आणि कमिशन नसलेला) हवाय आणि वेळ नाही अशांमध्ये. माझ्या मते पंचविशीतल्या पोराने नोकरी करत या परीक्षा देऊन ठेवाव्यात. सीएफपीही (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर) बघा, एफपीएसबी या संस्थेचा कोर्स, गुंतवणूक, निवृत्ती-टॅक्स, विमा-वारसा असे तीन भाग आणि शेवटी सगळं एकत्र करून प्लॅन बनवायचा पेपर. सीएफपीने कमाई आपोआप वाढत नाही पण तो शेवटचा पेपर खरंच डोकं तयार करतो.

नोकरी?

बँक, ब्रोकरेज कंपनी, वेल्थ फर्म इथे सुरुवातीला माझ्या पाहण्यात महिन्याला वीस ते पस्तीस हजार मिळतात, इन्सेंटिव्ह टार्गेटवर. दोन वर्षं जरूर करा. श्रीमंत माणूस पैशाबद्दल कसा बोलतो, फॉर्म कुठे अडकतो, नाही कसं ऐकायचं हे सगळं दुसऱ्याच्या पगारावर शिकता येतं. फक्त सोडताना तिथल्या क्लायंटची यादी पेन ड्राईव्हवर घेऊन येऊ नका. ज्यांना यायचंय ते विचारत विचारत येतातच.

पुढे काय होणार या धंद्याचं

डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहे, मोबाईल ॲपवर पाच मिनिटांत फुकट एसआयपी लागते, आता एआयला विचारलं की पोर्टफोलिओही बनवून देतो. मग आपल्याकडे कोण येणार? आकडे बघा, देशातली महिन्याची एसआयपी एप्रिल २०२४ मध्ये पहिल्यांदा २० हजार कोटींच्या वर गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २९ हजार कोटींच्या पुढे. मे २०१४ मध्ये सगळ्या फंडांचे मिळून १० लाख कोटी होते, २०२५ मध्ये ७५ लाख कोटी ओलांडले. पाणी वाढतंय, सगळ्यांच्या विहिरीला थोडं थोडं येतंय. पण दर कमी होत जाणार, सेबी फंडांच्या खर्चाला कात्री लावतेय, व्यवहारामागे मिळणारे शंभर-दीडशे रुपयेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले. दुसऱ्या बाजूला मोठ्या तीस शहरांबाहेरचे नवे गुंतवणूकदार आणि कुठल्याही शहरातल्या नव्या महिला गुंतवणूकदार आणल्या तर वर्षभर पैसे टिकल्यावर पहिल्या गुंतवणुकीच्या १ टक्का, जास्तीत जास्त २,००० रुपये, अशी नवी तरतूद २०२५ च्या शेवटी जाहीर केली. म्हणजे इशारा स्पष्ट आहे, पुण्यात अकरावा डिस्ट्रिब्युटर होण्यापेक्षा जत, उदगीर, चोपडा इथला पहिला किंवा दुसरा व्हा.

ॲपला जे जमत नाही ते कागदाचं आणि माणसाचं काम. गेल्या वर्षी एक क्लायंट गेले, पंचावन्न वय. चार फंड हाउसमध्ये पैसे, एका फोलिओत नॉमिनी त्यांची वारलेली आई, बँक खातं बदललेलं, नावात "राव" कुठे आहे कुठे नाही. वहिनींना ट्रान्समिशन, म्हणजे गेलेल्या माणसाची गुंतवणूक वारसाच्या नावावर करणं, हा शब्दही माहीत नव्हता. पाच महिने लागले, तहसीलला तीन खेपा झाल्या, या कामाचं वेगळं कमिशन काही नसतं. पैसे खात्यावर आल्यावर त्यांनी ते परत माझ्याच कोडखाली ठेवले आणि दोन्ही मुलांची केवायसी त्याच दिवशी करून घेतली.

तेव्हा यायचं असेल तर आजच्या आज वर्कबुक डाउनलोड करा, सोबत घरखर्चाची वही काढून छत्तीसने गुणा, आणि त्या आकड्यातलं निम्मं तरी एफडीत पडलेलं असेल किंवा घरात दुसरा पगार असेल तरच राजीनामा टाईप करायला घ्या. नसेल तर नोकरी करत परीक्षा द्या, थांबा. आणि एआरएन मिळाला की त्याची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर मोठ्ठी लिहून ठेवा, माझी एकदा चुकली होती, कमिशन अडकलं आणि तो महिना नेमका गणपतीचा होता.